चाळिसावी शेवंड

…आणि वर मलाच विचारतो, ‘गुन्वोर, तू बादलीवर का बसलीस?’ मलाच! भर तळ्यात, गळक्या होडीत, समोर बहिणीचा नवरा डोळे फाडून बघतोय, आणि आमचा होल्गर साळसूदपणे विचारतोय, बादलीवर का बसलीस! अरे, का बसले हे तुला माहीत नाही तर कुणाला माहीत? बादली कुणी आणली? कोटाखाली कुणी लपवली? आणि बादलीत काय होतं ते… थांबा, सांगते. तुम्हाला सांगते, पस्तीस वर्षं संसार केला या माणसाबरोबर, आणि पस्तीस वर्षं एकच वाक्य ऐकत आले, ‘काही होत नाही गं, गुन्वोर!’ छप्पर गळतंय… काही होत नाही गं! गाडीतून धूर येतोय… काही होत नाही गं! एक दिवस या वाक्याखालीच मला पुरणार आहे हा माणूस.

तर ऑगस्ट. आमच्या या तळ्यांच्या मुलखात, स्मोलांडात, ऑगस्ट म्हणजे शेवंडी. समुद्रातली ती थोरली मिजासखोर शेवंड नव्हे, तळ्यातली, वीतभर, काळी कुळकुळीत. संध्याकाळी पिंजऱ्यात मासळीचं आमिष बांधायचं, पिंजरे पाण्यात सोडायचे, सकाळी उचलायचे, शेपूच्या तुऱ्यांसकट मिठाच्या पाण्यात उकडायच्या, आणि मग अंगणात टेबलं मांडून, डोक्यावर कागदी टोप्या घालून, गाणी म्हणत चोखत बसायचं. वर्षभर एकमेकांशी न बोलणारी माणसं त्या दिवशी गळ्यात गळे घालतात. आणि आमच्या तळ्यातल्या शेवंडी म्हणजे अस्सल, जुन्या, इथल्याच. आजूबाजूची सगळी तळी गेली हो. त्या मेल्या अमेरिकन शेवंडी आणून सोडल्या ना कुणीकुणी! त्यांच्या अंगावर रोग. त्यांना स्वतःला काही होत नाही, पण आमच्या काळ्यांना नुसता त्या पाण्याचा थेंब लागला तरी सगळं तळं साफ.

मी पाहिलंय ते. लहान होते. पलीकडच्या डोंगराआडचं तळं गेलं तेव्हा वडील मला घेऊन गेले होते. शेवंड कधी दिवसाउजेडी बाहेर येते का? त्या आल्या होत्या. उथळ पाण्यात, पाय ताठ करून, टाचा उंचावल्यासारख्या चालत होत्या आणि चालता चालता कुशीवर पडत होत्या. वडील टोपी हातात धरून उभे राहिले, बराच वेळ. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं. म्हणून मी कडक आहे. पाहुण्यांचे बूट काढून घेते, बाहेरची होडी किनाऱ्याला टेकू देत नाही, पिंजरे सॉनात, म्हणजे घाम काढायच्या त्या तापल्या खोलीत, घालून खरपूस तापवते. सॉनात! होल्गर एका बाकावर, पिंजरे दुसऱ्या बाकावर. त्यावरही तो काय म्हणतो? म्हणा तुम्हीच. काही होत नाही गं!

आता हा बोर्ये. माझ्या बहिणीचा, सोल्वेइगचा, नवरा. त्यांच्या तळ्यात सगळ्या अमेरिकन. आणि किती सापडतात त्या! दरवर्षी येतो आणि नाकात बोलत राहतो, ‘आम्ही तर बाई मोजणंच सोडून दिलं. या वर्षी टोपल्या कमी पडल्या. तुमच्याकडे काय, चार आल्या का? पाच? वा, वा, प्रगती आहे!’ होल्गर हसतो, पण कान लाल होतात. तीन वर्षं आमचे पिंजरे जवळजवळ रिकामे. आणि या वर्षी या शहाण्याने फोनवर सांगून टाकलं, ‘बोर्ये, ये तू. माझ्याबरोबर होडीत बस आणि बघ डोळ्यांनी!’ मी म्हटलं, होल्गर, कशाच्या जिवावर? म्हणाला, काही होत नाही गं.

सकाळी विरळ धुकं होतं. होडी लाकडी, वडिलांच्या वेळची. ती आठवडाभर आधी पाण्यात सोडावी लागते, मग फळ्या फुगतात आणि फटी बुजतात. यांनी कधी सोडली? आदल्या दिवशी! तळाला आधीच घोट्याएवढं पाणी. मी घरीच थांबणार होते, पण बोर्ये पुढे बसलेला, होल्गर मागे, आणि होल्गर मला सारखा म्हणतोय, ‘तू कशाला येतेस? गारठा आहे. तू बटाटे सोल.’ पस्तीस वर्षांत या माणसाने माझ्या गारठ्याची चौकशी केली नव्हती. मी गुपचूप होडीत चढले.

धक्क्यापासून सुटलो, मधोमध आलो, आणि मला होल्गरच्या पायाशी कोट दिसला. कोटाखाली बादली. कोट हलत होता. मी म्हटलं वाऱ्याने असेल… पण वारा कुठला? धुकं जागचं हलत नव्हतं! आणि मग कोटाखालून हळूच एक नांगी बाहेर आली. चांगली जाडजूड. आणि नांगीच्या सांध्यावर पांढरा डाग.

पांढरा डाग, कळलं का? आमच्या काळीला तो नसतो. तो अमेरिकनला असतो. या माणसाने बाजारातून जिवंत अमेरिकन शेवंडी आणल्या होत्या, बोर्येची पाठ वळली की आमच्या पिंजऱ्यात कोंबून ‘बघ, केवढ्या लागल्या!’ म्हणायला! आमच्या तळ्यात! माझ्या वडिलांच्या तळ्यात! नांगीवरून एक थेंब ओघळला असता तरी संपलं होतं सगळं.

आता ओरडायचं म्हटलं तर ओरडणार कसं? बोर्येला कळलं तर नाताळपर्यंत सगळ्या जिल्ह्याला कळेल. आणि पलीकडच्या धक्क्यावर सिग्वार्द उभा, तळ्याच्या समितीचा अध्यक्ष, दुर्बीण लावून. धुक्यात शिंकलं तरी पलीकडे ऐकू जातं हो आमच्या तळ्यावर! मी डोळ्यांनी म्हटलं, होल्गर, खबरदार. त्याने डोळ्यांनी म्हटलं… काय म्हटलं असेल? काही होत नाही गं!

त्याने पहिला पिंजरा ओढला. रिकामा. आमिषसुद्धा गायब. बोर्ये मागे वळून म्हणतो कसा, ‘छान आहे हो पिंजरा. रिकामा असला की धुवायला सोपा.’ झालं. होल्गरचे कान पेटले. दुसऱ्या पिंजऱ्याची दोरी एका हातात, दुसरा हात सरळ कोटाखाली… आणि मी उठले आणि धपकन बादलीवर बसले.

‘गुन्वोर, तू बादलीवर का बसलीस?’

‘मला बसायचंय.’

‘ऊठ ना.’

‘नाही उठत.’

बोर्ये पुढून, ‘काय आहे बादलीत?’

मी म्हटलं, ‘कॉफी.’

‘बादलीभर?’

‘आम्ही फार पितो!’

आता बसायला बसले, पण बादलीवर झाकण होतं का? कोट! नुसता कोट! आणि खाली त्या सगळ्या चिडलेल्या. एकीने कोटातून, स्कर्टातून, सगळ्यातून असा चिमटा काढला… कुठे काढला ते सांगत नाही, पण मी उडाले! बादली कलंडली. देवाची कृपा की आतल्या बाजूला. सगळ्या शेवंडी होडीच्या तळात, खळाळणाऱ्या पाण्यात, बोर्येच्या पायांवरून चौफेर.

बोर्येने पाय वर घेतले, बघितलं, आणि सवयीने काय केलं? पाणी उपसायचा डबा उचलला, भरला आणि हात बाहेर काढला! मी झडप घातली त्याच्या मनगटावर. ‘एक थेंब! एक थेंब बाहेर गेला ना बोर्ये, तर मी तुला तळ्यात… नाही, तळ्यात नाही, घरी नेऊन मारीन!’

मग सांगितलं सगळं. इलाजच नव्हता. मला वाटलं आता हा हसणार, आता गडाबडा लोळणार. तर तुम्हाला सांगते, बोर्येचा चेहरा पांढराफटक पडला. डबा हातात तसाच, आणि अगदी हळू म्हणाला, ‘आमच्या आजोबांचं तळं असंच गेलं, गुन्वोर. बूट धुतले नव्हते कुणीतरी.’ इतकी वर्षं टोपल्या टोपल्या करणारा हा माणूस, त्याच्या पोटात हे होतं आणि मला ठाऊक नव्हतं. मला फार लाज वाटली.

पण लाज वाटायला वेळ कुणाला होता? होडी गळत होती! खालून पाणी येतच होतं, आणि आम्हाला ते बाहेर टाकायची सोय नाही! गळकी होडी, हातात डबा, आणि उपसायचं नाही! बोर्येने डबा बादलीत रिकामा केला. बादली भरली. मग थर्मास भरला. मग होल्गरचे बूट काढले आणि ते भरले. मग बोर्येची टोपी, ती काही धरून राहीना. होल्गर अनवाणी वल्ही मारतोय, शेवंडी त्याच्या अंगठ्यांना लटकतायत, आणि दर वल्ह्याला ‘आई गं!’ होडीची कड पाण्यापासून दोन बोटांवर आलेली. मी म्हटलं, हलू नका कुणी, श्वास घेऊ नका!

तेवढ्यात पलीकडून सिग्वार्दची हाक, ‘अरे, पाणी उपसा की! बुडताय तुम्ही!’

मी ओरडले, ‘नाही उपसत! आम्हाला आवडतं असंच!’

कसे पोचलो मला विचारू नका. किनाऱ्यावर पाहुणे जमलेले, सोल्वेइग तर कागदी टोपी घालूनच. मी दुरूनच हुकूम सोडला, ‘दोर टाकतो, ओढा! आम्हाला उतरवू नका, होडीसकट ओढा!’ आणि ओढलं बिचाऱ्यांनी, आम्हा तिघांना होडीत बसवून, गवतावरून वर, पार टेकाडापलीकडच्या खाजकुइलीत. तिकडचा उतार तळ्याकडे येत नाही. तिथे होडी उपडी केली. मग शेवंडी वेचायला सुरुवात, खाजकुइलीत, हाताने. सगळ्या टबात टाकल्या आणि मोजल्या. एकोणचाळीस.

‘होल्गर, किती आणल्या होत्यास?’

‘चाळीस.’

पुन्हा मोजल्या. एकोणचाळीस. बुटांत हात घातले, कोट उसवला, होडीची फळी न् फळी उचकटली. सोल्वेइगने माझे कपडे झटकून पाहिले. नाही! आणि बोर्ये म्हणतो, ‘बादली कलंडली तेव्हा मला एक… डुबुक असं ऐकू आल्यासारखं वाटलं. वल्ह्याचंही असेल.’ पाण्यात गेली असेल तर? सगळं संपलं असेल, आणि आम्ही इथे खाजवत उभे असू. होल्गर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘काही होत नाही…’ आणि माझ्याकडे बघून पुढचं गिळलं.

मी ओला स्कर्ट बदलला आणि रस्त्याने तडक सिग्वार्दकडे गेले. तळं काही माझ्या एकटीचं नाही. त्याला सगळं सांगितलं, अगदी चिमट्यासकट. रडले. सिग्वार्द आधीच वर्षाला दहा शब्द बोलणारा. ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘कुणाकडून घेतल्या?’ म्हटलं, तो केनेत, गावात व्हॅनच्या मागच्या दाराने विकतो तो. सिग्वार्दने फोन लावला, माझ्यासमोर. केनेतचा आवाज मलाही ऐकू येत होता, ‘चाळीस! चाळीस म्हणजे चाळीस! मी काय लबाड आहे? दुकानदारीत आपण इमानदार माणूस!’ सिग्वार्द फक्त म्हणाला, ‘केनेत, तळ्याचा प्रश्न आहे.’

मग फोनमध्ये काही नाही. नुसती खरखर. मी टेबलाची कड धरून उभी. तुम्हाला सांगते, वडील गेले तेव्हासुद्धा मी अशी उभी नव्हते. आणि मग केनेत, अगदी खालच्या आवाजात, ‘एकोणचाळीस. दर चाळिसात एक कमीच देतो मी. मोजतंय कोण?’

मी तिथल्या तिथे खुर्चीत बसले आणि हसत सुटले, रडत सुटले, काय ते कळेना. एका भामट्याच्या भामटेपणाने माझं तळं वाचलं होतं! आता समितीपुढे सगळी कहाणी जाणार होती, दोन वर्षं आमचे पिंजरे बंद होणार होते, बोर्ये ती डोळ्यांत पाणी आणून आणून सगळ्यांना सांगणार होता. असू दे! तळं होतं ना जागेवर! धावत घरी आले, होल्गर पायरीवर बसून अंगठे चोळत होता, मी त्याच्या गळ्यातच पडले. म्हटलं, ‘होल्गर, चाळिसावी नव्हतीच! केनेतने तुला एकोणचाळीसच दिल्या होत्या!’

होल्गरने अंगठे चोळायचं थांबवलं. मला वाटलं, आता याचेही डोळे भरून येणार.

‘एकोणचाळीस?’ तो म्हणाला. ‘फसवलं मला त्याने?’

आणि उठला, बादली घेतली, गाडी काढली… म्हटलं, अरे, निघालास कुठे?

‘राहिलेली एक आणायला!’