दोन आळ्यांचा किनारा

शिवदास : ऐक. ‘गेली पंचवीस वर्षे आपला किनारा स्वच्छ राहिला, तो केवळ या गावाच्या अभेद्य एकजुटीमुळे.’

कृष्णाबाई : कुठल्या गावाच्या?

शिवदास : आपल्या! उद्या गावाच्या सत्कारात वाचायचंय. उरणपासून थळपर्यंतची मंडळी यायचीत.

कृष्णाबाई : अवो, पंचवीस वर्षांमागं नारळी पुनवेला पहिला नारळ कुठल्या आळीचा, यावरनं तुमी आणि माझा तुळशीरामदादा भांडलात. तवाच किनाऱ्यावर मधोमध बांबू रोवला. इकडं आपली वरची आळी, तिकडं त्यांची खालची.

शिवदास : ते भाषणात बसत नाही.

कृष्णाबाई : दर रविवारी दादानं झाडू घेतला की तुमी खराटा घेऊन पळायचात. पलीकडच्यांनी ‘घाणेरडी आळी’ म्हणू नये म्हणून.

शिवदास : निकोप स्पर्धा होती.

कृष्णाबाई : वाहून आलेल्या चपला बांबूपलीकडं कोण फेकायचं?

शिवदास : त्यांच्याच आळीतल्या होत्या.

कृष्णाबाई : त्यानं सुरूची झाडं लावली, तर तुमी दुप्पट लावलीत.

शिवदास : आणि जगवली!

कृष्णाबाई : जगवलीत. पण वादळात आपलं छप्पर कुणाच्या झाडांनी राखलं? वारा कुठनं आला होता?

शिवदास : दक्षिणेकडून.

कृष्णाबाई : म्हंजे दादाच्या बाजूनं. आणि दर भाऊबीजेला मी त्याला बांबूपाशी ओवाळते. तो तिकडं उभा, मी इकडं. वाऱ्यानं निरांजन इझतं. उद्या त्याला स्टेजवर बोलवा. दुसरं मला काय नको.

शिवदास : ...काय लिहू?

कृष्णाबाई : ‘आभार’ लिवा. पुढं त्याचं नाव.

शिवदास : येईल तो?

कृष्णाबाई : तुमी हाक तर मारा.

(सत्कारानंतरचा रविवार. शिवदासची ओटी.)

तुळशीराम : दाजी, माईकवर माझं नाव घेतलंत, मला वाटलं तक्रारच करताय.

शिवदास : सवयीनं तीच तोंडात आली होती. तुळशीराम, तुझ्या झाडांमुळं हे छप्पर डोक्यावर आहे. उपकार विसरणार नाही.

तुळशीराम : उपकार कसले? तुमी दुप्पट लावलीत, म्हणून आमी परत लावली. न्हायतर एवढा उत्साह कुणाला?

कृष्णाबाई : दादा, चहा घे आणखी. तू या ओटीवर बसलास, माझी दिवाळी झाली.

तुळशीराम : भर गो, कृष्णे. सकाळपासनं बसलोय, पण उठावंसं वाटत न्हाय.

शिवदास : बस रे. आज रविवारच आहे.

कृष्णाबाई : रविवार? मंग किनारा कुणी झाडला?

तुळशीराम : आज कुणीच न्हाय.