फक्त एक मशीन चालवायचं होतं

...आणि वर मलाच विचारतात, "एवढं काय अवघड आहे हो त्यात?" अवघड? तुम्हाला सांगतो, जनरेटर विकत आणणं सोपं, पण तो घराला जोडणं म्हणजे... अहो, फक्त एक मशीन चालवायचं होतं मला! सासूबाईंचं ऑक्सिजनचं मशीन. त्यांना ते दिवसभर लागतं आणि आमच्याकडची वीज एकदा गेली की परतीचा रस्ताच विसरते. इन्व्हर्टर आहे की! पण मशीन जोडलं की थोड्या वेळात टूं टूं करून मान टाकतो. मग छोटा सिलिंडर लावायचा आणि त्याच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा खाली, तसा आमचा जीव वर!

म्हणून जनरेटर आणला. तो उतरवतोय तोवर मेहुणे हजर. बायकोचे थोरले भाऊ. जगात त्यांना न जमणारं काम एकच, गप्प बसणं. "इलेक्ट्रिशियन कशाला? मी आहे ना!" म्हणाले, आणि बनवली एक वायर... दोन्ही टोकांना पिना! "हे टोक जनरेटरमध्ये, ते भिंतीतल्या सॉकेटमध्ये. अख्खं घर चालू!" अख्खं घर कशाला हो? फक्त एक मशीन चालवायचं होतं! आणि जनरेटर ठेवला कुठे? सासूबाईंच्या खिडकीखाली! का तर म्हणे, वायर पुरते.

दुपारी वीज गेली. इन्व्हर्टर संपला, सिलिंडरचा काटा तळाला चाललेला. मेहुण्यांनी दोरी ओढली, इंजिन धडधडलं, मी ती दुतोंडी वायर घेऊन सॉकेटकडे निघालो, तेवढ्यात समोरच्या खांबावरून आरोळी, "ओऽऽ! जनरेटर कुणाचाय? मेन पाडली का?"

लाइनमन! आमचीच लाइन दुरुस्त करत होता, दोन्ही हात तारांमध्ये!

मेहुणे खालून रुबाबात, "मेन कशाला पाडायची? वीज गेलेलीच आहे की!"

"अहो साहेब, तुम्ही घरात सोडलेला करंट उलटा माझ्याकडे येईल! घरी लेकी आहेत हो माझ्या!"

मी वायर तिथेच टाकली. बायकोनं धावत येऊन आधी इंजिन बंद केलं, मग आम्हा दोघांकडे पाहिलं. ते पाहणं मी सांगत नाही, तुम्हाला झोप लागायची नाही. मग ती खांबाकडे बघून ओरडली, "लाइनमनदादा, आईचा ऑक्सिजन संपत आलाय!" आणि ज्याला आम्ही आत्ता वर पाठवत होतो, त्या माणसानं घाम पुसत भराभर आमची लाइन जोडून दिली. मशीन गुरगुरलं. काटा शून्याला टेकतच होता... मी तर बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रीतसर इलेक्ट्रिशियन बाई आल्या. आवाज असा, जणू शोकसभेतूनच उठून आल्यात. "जनरेटर बाहेर. खिडक्यांपासून लांब. त्या धुरातला विषारी वायू कळतही नाही, माणूस बसल्या जागी जातो." बरं. "चेंजओव्हर स्विच बसवायचा. एक तर बाहेरची वीज, नाहीतर जनरेटर. दोघांची गाठ पडताच कामा नये." म्हटलं, बाई, असा एक स्विच माझ्यात आणि मेहुण्यांत बसेल का? हसल्या नाहीत. अर्थिंगसाठी अंगण खणलं. मग विचारलं, "चालवायचं काय काय?" मी म्हणालो, फक्त एक मशीन! तर बायको, "आणि फ्रिज." लेक, "आणि गीझर!" मेहुणे, "आणि एसी!" बाई शांतपणे म्हणाल्या, "मग वीज कंपनीच घ्या विकत." शेवटी मशीन, फ्रिज आणि सासूबाईंची खोली यावर तह झाला.

आणि परवा वीज गेली! मी अंगणाच्या टोकाला पळालो, दोरी ओढली, आत येऊन स्विच फिरवला. सासूबाईंचं मशीन सुरू! ओठांवर रंग आला, श्वास संथ झाला. माझे डोळे भरून आले, म्हटलं आता आशीर्वाद मिळणार. त्यांनी खुणेनं जवळ बोलावलं. मी वाकलो. म्हणाल्या,

"जावईबापू, बाहेरचं ते धडधड जरा बंद करा. टीव्हीतलं काही ऐकू येत नाही."

टीव्हीचा आवाज वाढवला आणि बाहेर जाऊन बसलो.