बांधावरचा उंदीर

मी सोमी. माहेर आपट्याकडचं, लगीन होऊन आले ती कर्नाळ्याच्या पायथ्याच्या या वाडीवर, ती इथंच म्हातारी झाले. आमी कातकरी. बाप कोळशाच्या भट्टीवर होता, आई लाकडाची मोळी घेऊन पनवेलच्या बाजारात जायची, आणि खायचं म्हणाल तर जंगल देईल ते. ससा खाल्लाय, घोरपड खाल्लीय, रानडुक्कर कोणी मारलं तर वाडीभर वाटा व्हायचा, तुमच्यापासून काय लपवू ताई. मग पक्ष्यांच्या जंगलाची साहेबमाणसं आली, म्हणाली जंगलात शिकार केली तर आत टाकू. आमी सोडलं. राहिला तो शेतातला उंदीर.

तोंड वाकडं करू नका, घरातला नाय, शेतातला. भात खाऊन वाढलेला, पांढऱ्या पोटाचा. तो कोणाच्या बापाचा नव्हता, उलट शेतकरीच वाडीवर हाका मारीत यायचे, अरे गोमा, बांध पोखरला रे सगळा, ये लवकर. गोमा म्हणजे आमचा म्हातारा, माझा नवरा, तवा म्हातारा नव्हता, तवा बांधावर नुसता चालला तरी त्याला कळायचं कुठल्या बिळात उंदीर हाय आणि कुठलं नुसतं पोकळ. बाकीची तोंडं चिखलानं बुजवायची, एका तोंडाशी मडक्यात पेंढा पेटवून धूर फुंकायचा, आणि मग खांद्यापर्यंत हात आत. आत उंदरानं भाताच्या लोंब्या साठवलेल्या असतात, त्या आमच्या बायकांच्या. त्याच भाताचा भात आणि त्याच बिळातला उंदीर, आधी जाळावर भाजून केस काढायचे, मग मीठ-मिरची लावून पुन्हा निखाऱ्यावर. कापणीनंतरचे ते दिवस म्हणजे काय सांगू तुम्हाला, वाडीभर वास सुटायचा आणि कोणी कोणाशी भांडायचं नाय.

एका सालाला पाऊस हटेचना. कापणी आली तरी खाचरात पाणी. पलीकडच्या वाडीवर एक तरणा माणूस तापानं गेला, मग दुसरीकडं अजून एक. तवा तुमची आई आमच्याकडं नर्सबाई होती. खांद्याला पिशवी, चिखलात चपला हातात धरून आली आणि सगळ्यांना बसवून म्हणाली, हा उंदराचा ताप हाय, लेप्टो, उंदीर खाणं बंद करा. माझी सासू तवा जिती होती, लई तिखट. ती म्हणाली, बाई, उंदीर गणपतीला चालतो आणि आमालाच बाधतो व्हय? सगळे हसले, तुमची आई पण हसली, पण बोलली मात्र तेच, खाऊ नका, मरायचं नाय ना?

मरण समोर दिसत होतं म्हणून ऐकलं. खरंच सोडलं. पण शेतकरी हाका मारायचे ते थांबले नाय, त्यांचा बांध फुटत होता ना. म्हणून नवरा जायचा, रोजच्यासारखा, पाण्यात उभा राहून खणायचा, बिळात हात घालायचा, उंदीर काढायचा आणि कावळ्यांना फेकून द्यायचा. घरी येऊन म्हणायचा, जीव तुटतो गं फेकताना. खायचा नाय पण. बाईला शब्द दिला होता.

आणि मग त्यालाच ताप आला. पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की हात लावू देईना. दवाखान्यात नेला, तिथल्या डाक्टरनं विचारलं, उंदीर खाल्लास का? हा ताठ मानेनं म्हणाला, नाय साहेब, सोडलाय. खोटं कुठं होतं? गोळ्या घेऊन घरी आलो. ताप तसाच. डोळे हळदीसारखे झाले.

सासूनं वाडी डोक्यावर घेतली. म्हणाली, बापजाद्यांपासून खात होतो तवा कोणाला ताप आला नाय, सोडलं आणि माझ्या पोराला आला, त्या बाईनं तोंडातला घास काढला म्हणून आला. वाडीला ते पटलं. मला पण पटलं, खरं सांगते. वाटलं, आता हा जातो.

तुमची आई आली तर सासू दारात आडवी बसलेली. म्हणाली, आत पाय टाकायचा नाय. तुमची आई बाहेरच थांबली आणि मला विचारलं, सोमी, खातो काय गं हा? नाय म्हटलं. शेतात जातो? म्हटलं, जातो ना, रोज. हातानंच काढतो? हातानंच, दुसरं कशानं काढणार? मग ती दारातूनच त्याच्या पायांकडं बघत राहिली. भेगा पडलेले, पाण्यानं कुजलेले पाय, बोटांना उंदराचे दात लागलेले. आणि ताई, ती तिथंच खाली जमिनीवर बसली, सासूच्या समोर. म्हणाली, आई, चूक माझी झाली. हा ताप उंदराच्या मुतातून येतो, पाण्यातून, चिखलातून, फाटलेल्या कातडीतून आत शिरतो. मी नुसतं खाऊ नका म्हणाले, हात घालू नका म्हणायचं राहिलं.

सासू बाजूला सरकली आणि म्हणाली, सरकारचं माणूस चूक म्हणतंय, म्हणजे खरं असेल. ने त्याला.

रिक्षात घालून पनवेलला नेला. तुमची आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि हा बरळत होता, बाई, खाल्ला असता तर बरं झालं असतं. ती म्हणायची, बरा हो आधी, मग भांडू. लघवी बंद झालेली, मोठ्या डाक्टरांनी तोंडावर सांगितलं, सांगता येत नाय. पण वाचला. हाडाचा सापळा होऊन आला, पण आला.

मग तुमची आई पुन्हा वाडीवर आली, म्हणाली, सोडाल तर उत्तम. नाय सोडवत ना, मग ऐका. पायात बूट, हाताला जाड पिशवी बांधा, जखम असेल तर शेतात उतरू नका, उंदीर साफ करणारीनं साबणानं हात धुवायचे, आणि कच्चट ठेवायचं नाय, पार भाजायचं. तिच्या वरच्या साहेबांना हे सांगितलं असेल का मला ठाव नाय. आमी मात्र ऐकलं. आमच्या वाडीत त्या तापानं कोणी गेलं नाय.

आता शेतंच कुठं राहिली, बांधाच्या जागी बिल्डिंगा. दोन-चार खाचरं हायत अजून, तेवढ्यापुरतं म्हातारा जातो. पोरं कामाला जातात, नातवंडं कोंबडी मागतात. चाललंय बरं. दुपारचं दोन घास मिळतात, म्हातारा समोर असतो, अजून काय पायजे.

तुमची आई गेल्याचं कळलं तवा तो जेवला नाय दिवसभर. तुमी आलात ते बरं केलंत. तिच्याविषयी विचारायला इतक्या लांब कोण येतं?

तो बघा आलाच, पिशवीत हाय काहीतरी. तुमी खाणार नाय ते मला ठाव हाय. तिनं पण कधी खाल्ला नाय. पण आमी जेवायला बसलो म्हणून उठून पण कधी गेली नाय, इथंच बसायची, तांदळाची भाकर आणि चटणी घेऊन, आमच्या पंगतीत. देव तुमचं भलं करो पोरी. घाई नाय ना? मग बसा.