कानशीचं खवलं

(साखऱ्याचा तलाव, २००७. काठावर म्हातारे जळबा अन् नांदेडला माशांवर शिकणारी त्यांची नात करुणा.)

जळबा : एक बी न्हाई?

करुणा : अस्सल कानस एक बी न्हाई, आबा. चाळीस मासे तपासले. दिसायला काळीभोर कानस, पण सगळ्यांच्या रक्तात रोहू मिसळलेला.

जळबा : तपासणारानं चष्मा लावला व्हता का?

करुणा : मशीन तपासते, आबा.

जळबा : मंग मशीनला लावायचा.

करुणा : शहाण्णव साली रोहूचं बी तुमीच सोडलं ना इथं?

जळबा : समद्या गावायनं आपापल्या तलावात सोडलं. बाकीच्यायनं पिशव्या फोडून दिल्या ओतून. पिल्लं जागच्या जागी खलास. म्या पिशव्या अर्धा घंटा पाण्यावर तरंगत ठेवल्या, वर ओलं पोतं. पिल्लायला तलावाची सवय व्हऊ देली. एक मेलं न्हाई! मासे खात्याच्या साहेबानं सत्कार करून नारळ देला मला.

करुणा : म्हणून तर बाकीच्या तलावांत जुनी कानस अजून आहे.

जळबा : म्हंजे आळशी लोकायनं कानस वाचवली, अन् म्या नारळ घेऊन बुडवली.

करुणा : तुमाला काय माहीत, आबा, की पाहुणे सोयरीक जमवतील.

जळबा : तुह्या आजीला माहीत व्हतं. नव्व्याण्णवपासून पद्मा पयल्या घासालाच म्हणे, "ही आपली न्हाई." म्या म्हणे, आपल्याच तलावातली हाये, मंग कोणाची?

करुणा : आठवतं मला. ताटातल्या माशाची अशी चौकशी करायची, जशी सून बघायला बसली.

जळबा : शेवटच्या दुखण्यात म्हणली, आपली कानस खाऊ वाटते. दोन रोज जाळं टाकलं म्या. रस्सा केला, त्यात जवारीची भाकर चुरली. घास घेतला अन् म्हणली, "ही आपलीच." चार सालात पयल्यांदा म्या जिंकलो! लगेच त्या माशाचं एक खवलं घड्याळाच्या डबीत ठेवलं.

करुणा : काहून?

जळबा : पुरावा. पुन्हा भांडण निघालं तर असावा. निघालंच न्हाई.

करुणा : आबा...

जळबा : तू मागल्या खेपेला त्या खवल्याचा तुकडा नेला व्हता. चाळीस सोड. एकेचाळिसावं सांग.

करुणा : राहू द्या ना.

जळबा : सांग. तुही आजी बी तोंडावर सांगायची.

करुणा : ते बी मिसळीचंच निघालं.

जळबा : मंग ती खोटं बोलली.

करुणा : व्हय.

जळबा : उभ्या जल्मात एकदा बोलली. अन् ते बी तुह्या मशीननं पकडलं.

करुणा : आजारपणात तोंडाला चव नसंल राहिली, आबा.

जळबा : चव व्हती. रस्सा दोनदा मागून घेतला तिनं.