आबासाहेबांनी बांधलेला फेटा

(बारामती स्टेशन. दौंडची गाडी लागली आहे. रामहरी डब्याच्या दारात, भिमा फलाटावर.)

रामहरी : आन् मी न्हायच उतरलो तर, भिमातात्या?

भिमा : तर न्हाय. मी काय तुला वढून काढणार हाय व्हय? माझा एकच हात चालतोय. आबासाहेब म्हणले, पोराला माघारी आण. मी आलो.

रामहरी : त्यास्नी सांगा, मुंबईत आमा मार्कर लोकांची, म्हंजी क्लबात गोळं मांडणाऱ्या नोकरांची, स्नूकरची स्पर्धा हाय. हितल्या क्लबातलं गोरं सायेब गेलं, टेबल ऱ्हायलं, त्यावर गोळं मांडता मांडता मी खेळाया शिकलो. जिंकलो तर तिथल्या क्लबात खेळाडू म्हणून ठेवून घेणार हायत. ह्यो खेळच माझं पोट व्हईल.

भिमा : समदं ठावं हाय त्यास्नी.

रामहरी : मग अडवत्यात कशापायी? क्लब चालवणाऱ्या इंजिनेर सायबांनी रजा दिलीया. मी क्लबाचा नोकर, आबासाहेबांचा न्हाय.

भिमा : वरीसभर दूध कुणाचं प्यालास?

रामहरी : त्येंनीच धाडलं. मी कुठं मागितलं व्हतं?

भिमा : इंदापूरच्या मार्करला हरवलंस, तवा फेटा कुणी बांधला?

रामहरी : आबासाहेबांनी. कौतुकानं.

भिमा : कौतुक! अरं येड्या, तू मेंढरामागं वाढलेला, आखाड्याची रीत तुला कोण सांगणार? दूध प्यालं, फेटा बांधून घेतला, की पैलवान त्या धन्याचा. त्यो म्हणंल तितंच खेळायचं.

रामहरी : ही काय कुस्ती हाय का, तात्या? टेबलावरचा खेळ हाय.

भिमा : त्येंच्या लेखी एकच.

रामहरी : तुमी त्येंचेच पैलवान व्हता. सोडून जायाचं कधी मनात आलं न्हाय?

भिमा : आलं की. कोल्लापूरच्या तालमीत जायाचं म्हणून रीतसर पाया पडलो. हसून ‘जा’ म्हणले. पेढा भरवला. दुसऱ्या दिशी रोजच्यावानी जोड खेळताना माझ्याच जोडीदारानं खांदा पिरगाळला.

रामहरी : चुकून?

भिमा : लोक तसंच म्हणत्यात. आबासाहेब पोरावानी रडले. वैद आणला. आजून भाकरी घालत्यात. लई मोठं मन.

रामहरी : तुमास्नी भ्या वाटतंय त्येंचं.

भिमा : व्हय, वाटतंय. त्यात लाजायचं काय?

रामहरी : मला न्हाय वाटत. गाडी सुटंलच आता. मुंबईत कुठं हुडकत येत्यात मला?

भिमा : हुडकायचं कशाला? सकाळीच वरकुट्याला बैलगाडी धाडून तुझ्या आईला मळ्यावर आणलीया.

रामहरी : आईला? आन् ती कशाला?

भिमा : पाव्हणचार. नवं लुगडं, पुरणाचं जेवण. तानूवैनी हरखून गेल्यात. म्हणत्यात, माझ्या रामहरीमुळं केवढा ह्यो मान! आबासाहेब म्हणले, पोरगं येईस्तवर ऱ्हावा हितंच.

रामहरी : आन् पोरगं आलंच न्हाय तर?

भिमा : त्ये काय बोलले न्हाईत. मीबी इचारलं न्हाय.

रामहरी : म्हातारीला काय कळतंय, तात्या! कोण बसलंय म्होरं, काय गिळतीया...

भिमा : गार्डानं शिट्टी मारली बघ.

रामहरी : ...ही पिशवी घ्या. खाली ठिवा. आत खेळायची काठी हाय, आपटू नगा, वाकंल.

भिमा : ठिवली. उतर, डबा उंच हाय. न्हाय, उजवा हात नगं दिऊ. डावा दे. उजवा खेळायचा, त्यो आता तुझा न्हाय.