गेनबाची दाढ आणि गोजाबाईची नजर

...आणि वर माणूस म्हणतो काय, तर "दातच तर हाय." आता तुम्हीच सांगा, गाल वांग्यासारखा सुजलाय, उजवा डोळा मिटत चाललाय, भाकरीचं सोडा, पाणीसुद्धा तोंडाच्या एका कोपऱ्यातून आत जातंय आणि दुसऱ्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडतंय, आणि हा गेनबा ओसरीवर भिंतीला टेकून बायकोला सांगतोय, "अगं, दातच तर हाय. राहील दुखायचा."

तुम्हाला सांगतो, ज्या साली पिंपरीला त्या इंजेक्शनच्या औषधाचा, पेनिसिलिनचा, कारखाना सुरू झाला, त्या सालची ही गोष्ट. चाकणच्या पलीकडं, भामा नदीच्या काठाला गेनबाचं गाव. चाळिशीचा गडी, कांद्याची शेती, घरात आई सारजाबाई, बायको तानाबाई आणि दोन पोरी. आणि या घरात दात घासायची तऱ्हा काय म्हणाल... सारजाबाई मिशरी लावणार, म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू, ती सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि मधेच कुणी शेजारीण बोलायला आली तर तिच्या सोबतीनं आणखी एकदा. सासूचं बघून तानाबाईलाही तीच सवय. पोरी चुलीतल्या राखेनं घासायच्या, ज्या दिवशी आठवण होईल त्या दिवशी. आणि गेनबा? तो बाभळीची काडी तोंडात धरून शेतावर जायचा आणि दुपारी ती न चावता तशीच फेकून द्यायचा. वर दातांचा तोरा केवढा... ऊस दातानं सोलणार, बैलाच्या दाव्याची गाठ सुटत नसली तर दातानं सोडणार, आणि सुपारी, तिला अडकित्ता कशाला लागतो?

तर ती सुपारीच. चावडीपुढं चार माणसांत यानं सुपारी उजव्या दाढेखाली धरली, दाबली, आणि कट्‌ असा आवाज आला. फुटली, असं म्हणून जिभेनं चाचपलं, तर सुपारी अख्खी होती.

तिथंच शहाणा माणूस उठून दवाखान्यात गेला असता. पण हा काय म्हणाला असेल? दातच तर हाय.

पहिले आठ दिवस लवंग धरली, मग हिंग, मग तुरटी, मग आईनं आपली मिशरीच चेपली दाढेत, "थंडावा पडतुया बघ." थंडावा कसला, तो बसल्या जागी हातभर उडाला. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून चाकणच्या बाजारात दातातली कीड काढणारी एक बाई बसायची, तिच्याकडं गेला. तिनं निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकल्या, बोरूच्या नळीतून धूर दाढेला दिला, आणि पितळीतल्या पाण्यात बोट फिरवून दाखवलं, हे बघा किडे. गेनबानं मोजले. सात. मन कसं हलकं झालं म्हणता... तेवढ्यात बाई पितळीत वाकून पुन्हा मोजायला लागली.

"काय झालं?"

"सात आलं. म्होरक्या न्हाई आला."

"मंग कुठं हाय त्यो?"

बाईनं बोट नुसतं गेनबाच्या जबड्यावरून हळूहळू खाली आणलं आणि गळ्यापाशी थांबवलं.

आता एवढ्यावरून चाळीस वर्षांच्या गड्यानं बाजारातून घराकडं धूम ठोकावी का? पण ठोकली. त्याला कारण होतं. बारा वर्षांमागं गेनबाचा थोरला भाऊ यशवंता असाच गेला होता. आधी गाल, मग जबड्याखाली दगडासारखी सूज, मग जीभ वर उचलली, आवाज घोगरा झाला, आणि नवव्या दिवशी धडधाकट माणूस श्वास कोंडून गेला. आणि गाव काय म्हणालं, दात म्हणालं का? छे. गाव म्हणालं, गोजाबाई.

गोजाबाई म्हणजे त्यांच्या बांधाला बांध असलेली विधवा बाई, एकटी राहणारी. यशवंताची आणि तिची बांधावरून बोलाचाली झाली, आणि ती त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "तोंड सडंल तुझं." दोघातिघांनी ऐकलं होतं. पुढं चार दिवसांत सूज आणि नवव्या दिवशी तिरडी. झालं. तिची नजर वाईट, तिची जीभ काळी. बारा वर्षं त्या बाईला कुणी हळदीकुंकवाच्या दिवशी दारात येऊ दिलं नाही, कुणी तिच्या विहिरीवर पोहरा सोडला नाही, आणि ती वाटेत दिसली की आया पोरांची तोंडं पदरानं झाकायच्या. यात सगळ्यांत पुढं कोण? गेनबा आणि त्याची आई.

आणि बघा आता, बाजारातून परत येताना पाणंदीत समोर कोण यावं? तीच. डोक्यावर गवताचा भारा. बाजूला व्हायला जागा नाही, एकीकडं निवडुंग, दुसरीकडं ओढा. गोजाबाई थांबली, त्याच्या गालाकडं बघितलं, जवळ आली, आणखी बघितलं.

"गेनबा," ती म्हणाली, "तोंड उघड बघू."

तुम्हाला सांगतो, गेनबा ओढ्यातून गेला. गुडघाभर चिखल, एक वहाण तिथंच राहिली, ती घ्यायलासुद्धा मागं वळला नाही.

घरी आल्यावर अंगात ताप. दुसऱ्या दिवशी तोंडात दोन बोटं जात होती, तिसऱ्या दिवशी एक, चौथ्या दिवशी करंगळी. सारजाबाईनं लिंबू उतरवलं, मिरच्या उतरवल्या, नारळ उतरवला. तानाबाईनं तेवढं एक केलं... नवऱ्याला म्हणाली, "थोरल्या भावजींचं काय झालं हुतं ते मला पुन्ना एकदा सांगा, पहिल्यापास्नं." तो सांगायला गेला, आणि त्याचा आवाज तिनं ऐकला. घोगरा. यशवंताचाच जणू. गेनबानंही ऐकला. आणि काय सांगू, तेव्हासुद्धा त्याचे ओठ हलले ते, "दा... दातच..." एवढ्यासाठी, पुढचं तोंडातच राहिलं.

तानाबाई उठली, पदर खोचला, नवऱ्याला धरून सडकेवर नेलं आणि कडेला बसवलं. चाकणचा इब्राहिम कांद्याची लॉरी घेऊन पुण्याला जायचा, ती दिसल्याबरोबर ही रस्त्याच्या मधोमध.

"इब्राहिमभाऊ, कांदं उतरवा न्हाईतर ऱ्हाऊ द्या, पर ह्यास्नी घ्या."

इब्राहिमनं गेनबाला बघितलं मात्र, त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "भाबी, पुढं बसवा. आडवा करू नका, बसवूनच ठेवा. श्वास बघत ऱ्हावा."

श्वास बघत राहा... हे काय बसलेल्या माणसाच्या कानावर जाईल असं बोलायचं असतं? मोशी गेलं, भोसरी गेलं, प्रत्येक खड्ड्याला गेनबाला वाटे, म्होरक्या आणखी बोटभर खाली उतरला. कासारवाडीच्या फाट्यावर गाडी पुण्याकडं वळली तेव्हा इब्राहिमनं उजवीकडं हात केला. "तिकडं पिंपरीला औषध बनतंय बघा. सुईतनं देतात. असली सूज उतरवतं म्हनत्यात." गेनबानं मान वळवायला बघितली. मान वळली नाही.

पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांनी दिवा तोंडाशी धरला, जबड्याखाली दोन बोटं दाबली आणि दुसऱ्या डॉक्टरला हाक मारली. मग तानाबाईला विचारलं, "किती दिवस झाले?"

"दुखाया लागून तीन आठवडं झालं."

"आज संध्याकाळपर्यंत थांबला असतात ना, बाई, तर..." आणि डॉक्टर सुई भरायला लागले. मला सांगा, अर्धवट राहिलेल्या वाक्याइतकं वाईट या जगात काही आहे का?

जबड्याखाली चीर दिली, वाटीभर पू निघाला, दाढ काढली, आणि मग त्या सुया, दिवसातून कितीतरी वेळा, पाच दिवस. सहाव्या दिवशी गेनबा पेज प्यायला. सातव्या दिवशी बोलला. आणि पहिलं वाक्य, तानाबाईला वाटलं पाणी मागेल, पण तो डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, म्होरक्या निघाला का?"

डॉक्टरांना काही कळेना. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "अहो, किडा-बिडा काही नसतो. ते किडे बियांमधलेच. दाढ फुटली, अन्न अडकलं, आतून कुजलं, विष खाली गळ्यात उतरलं. खालच्या दाढेचं असंच होतं."

मग गेनबानं यशवंताचं सांगितलं. दाढ दुखत होती? व्हय. तोंडाला वास? व्हय. जीभ वर उचलली होती? डॉक्टर एकेक विचारत गेले आणि हा व्हय म्हणत गेला, आणि प्रत्येक व्हयबरोबर गेनबाची मान खाली जात गेली.

"दाढच," डॉक्टर म्हणाले. "हे औषध तेव्हा आपल्याकडं नव्हतं. पण दाढ वेळेवर काढली असती, तर वाचले असते."

खाटेवर बसल्या बसल्या गेनबाला बारा वर्षं दिसली. पाणंदीत बाजूला होऊन उभी राहणारी बाई दिसली. त्यानं डोळे मिटून घेतले.

निघताना डॉक्टरांनी तानाबाईला समजावलं. सकाळी उठल्यावर दात घासायचे आणि रात्री निजताना पुन्हा घासायचे, काही खाल्लं की चूळ भरायची, मिशरी बंद, पोरींना गूळ दिला तर लगेच पाणी द्यायचं, आणि दुखायच्या आधी दाखवायला यायचं, दुखल्यावर नाही. तानाबाई तोंडाला पदर लावून मान हलवत होती. डॉक्टर म्हणाले, "तुमचेही बघू." ती म्हणाली, "त्यांचंच बघा, माजं बरं हायेत," आणि दारातून बाहेर.

आता तुम्हाला वाटेल, एवढं मरणाच्या दारातून आलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर गाव ऐकेल. दोन महिने गेनबा घसा कोरडा करत फिरला. चावडीवर, चक्कीवर, देवळापुढं, जबड्याखालची चीर दाखवून, "चूळ भरा रं, रातच्याला घासा रं." आणि लोक काय म्हणायचे? "गेनबा, दातच तर हाय." त्याच्याच तोंडचं, त्यालाच. सारजाबाईनं तर एक दिवस लेकाचं सगळं बोलणं शांतपणे ऐकलं, बोटभर मिशरी लावली, आणि म्हणाली, "झालं तुजं? आता त्या गोजाबाईच्या वाटंला जाऊ नगंस म्हंजी झालं."

पण त्याच्या वाटेत तीच तर होती ना. झोप लागेना. शेवटी एका सकाळी, गावच्या विहिरीवर सगळ्या बायका असताना, गेनबा धोतर झटकत समोरच्या गोजाबाईच्या दारी गेला. बारा वर्षांत त्या उंबऱ्यावर गावातलं पहिलं पाऊल. विहिरीवरचे पोहरे अर्ध्यात थांबले.

"गोजाबाई, चुकलं आमचं," तो म्हणाला. "दादा दाढंनं गेला. तुमच्या बोलन्यानं न्हाई."

गोजाबाई तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं.

"मी काय बोलले हुते, तुला ठावं हाय?"

"तोंड सडंल तुझं."

"सडंल न्हाई. सडलंय." बाईचा आवाज अगदी सपाट होता. "तोंडाचा वास मारत हुता त्याच्या. माजा बाप असाच गेला हुता. म्हनून म्हनले, तोंड सडलंय तुजं, दवाखान्यात जा. दवाखाना कुनी ऐकलाच न्हाई."

गेनबा उभाच. एका बाईची बारा वर्षं, सडंल आणि सडलंय एवढ्या फरकात गेली. त्यानं तिथंच अंगणात बसकण मारली आणि रडला. तिनं रडू दिलं. मग पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "पाणंदीत बी त्येच सांगाया आले हुते, तर तू ओढ्यात पळालास. आता डॉक्टर काय म्हनला ते मला सगळं सांग."

त्यानं सांगितलं. घासणं, चूळ, मिशरी, गूळ, सगळं.

आणि विहिरीवरच्या बायकांनी काय बघितलं? गेनबा गोजाबाईच्या दारी गेला, गुडघ्यावर बसला, रडला, तिच्या हातचं पाणी प्याला आणि मोकळा होऊन उठला. दुपारपर्यंत गावभर झालं, डॉक्टर-बिक्टर काही नाही, गोजाबाईनं सोडला त्याला. तिनं हात काढून घेतला म्हणून वाचला.

गेनबा घरोघर सांगत सुटला, अरे तसं नाही, औषधानं वाचलो, इब्राहिमला विचारा. कोण ऐकतंय? दुसऱ्या दिवशी रुक्मिणीबाई, जिचा गाल दोन दिवस ठणकत होता, पदर सांभाळत गोजाबाईच्या दारी हजर. गोजाबाईनं तिच्या तोंडात बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिली.

"पुण्याला जा," ती म्हणाली. "आजच. आन घरातल्या समद्यास्नी सांग, रातच्याला घासून निजायचं, खाल्लं की चूळ भरायची, मिशरी लावायची न्हाई."

"आन न्हाई केलं तर?" रुक्मिणीबाईनं घाबरत विचारलं.

गोजाबाईनं नुसतं बघितलं.

तुम्हाला सांगतो, त्या रात्री गावात असं एक घर राहिलं नाही की जिथून चुळा टाकल्याचा आवाज आला नाही. सारजाबाईनं मिशरीचा डबा स्वतःच्या हातानं उकिरड्यावर फेकला आणि वर लिंबू कापून ठेवलं. तानाबाई तर, जी दवाखान्याच्या दारातून पळाली होती, ती आपणहून म्हणाली, मला घेऊन चला.

पुढं मार्गशीर्षात इब्राहिमच्या लॉरीतून गावातली अकरा माणसं त्याच दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी एकेकाचं तोंड उघडायला लावून बघितलं, तानाबाईच्या दोन दाढा काढल्या, आणि शेवटी गेनबाला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, मी इथं रोज घसा फोडून सांगतो, शहरातले लोकसुद्धा ऐकत नाहीत. तुमच्या गावात हे सगळे नेमानं दात घासतात कसे? कुणी नर्सबाई नेमलीय का तिकडं?"

गेनबानं बाकावर बसलेल्या त्या अकरा जणांकडं बघितलं. सगळ्यांच्या माना खाली.

"हाय एक बाई."

"शिकलेली आहे?"

"न्हाई. पर तिचं ऐकत्यात समदी."

"छान. त्यांना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, असंच सांगत राहा, मध्येच थांबू नका."

गेनबानं एक लांब सुस्कारा सोडला, जबड्याखालच्या खुणेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "ती सांगायची थांबली तरी काय, साहेब... घासायचं थांबवायची आमची कुनाची छातीच न्हाई."