गंगेची करंगळी

(संग्रहालयाचं दालन. काचेची पेटी उघडी आहे. आत देवदारात कोरलेली जुनी गंगा: मगरीवर उभी, कमरेवर कलश, कलशाच्या काठावर उजवा हात. समोर संग्रहालयाच्या मॅडम, म्हातारे मिस्त्री आणि त्यांची बायको, काकू.)

मॅडम: थट्टा करताय ना, मिस्त्री?

मिस्त्री: या वयात कसली थट्टा, मॅडम? हा उजवा हात मी कोरलाय. तीस वर्षं झाली. हिमालयातून मूर्ती आली तेव्हा मनगटाच्या पुढे काही नव्हतंच.

काकू: अहो, डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ टळतेय. जाता जाता पाच मिनिटं म्हणालात, अर्धा तास झाला.

मिस्त्री: थांब गं जरा.

मॅडम: पण जोड कुठाय? मी भिंगाखाली पाहिलाय हा हात!

मिस्त्री: कांकणाखाली. आत लाकडी खुंटी आहे. एका जुन्या चौकटीचं लाकूड मिळालं, तेही देवदारच. वरून आठ दिवस चहाच्या पाण्याचे हात दिले.

काकू: तरीच! चहापत्ती पुरेना, आणि मी उगाच पाहुण्यांच्या नावाने बोटं मोडत बसले.

मॅडम: मग नोंदवहीत कसं नाही?

मिस्त्री: तेव्हाचे साहेब म्हणाले, ओळखू येत नाही ना, मग लिहायचं कशाला? मलाही आतून गुदगुल्या झाल्या. कुणाला कळत नाही म्हणजे काम फत्ते. पण परवा तुम्ही पुस्तिकेची पानं पाठवलीत, लाकडाची नावं तपासायला. त्यात ते करंगळीचं पान निघालं.

मॅडम: अख्खं पान लिहिलंय मी, काकू! 'बाहेर हलकेच वळलेली करंगळी ही या अनाम शिल्पकाराची सहीच आहे...' आज संध्याकाळी छपाईला जाणार होतं. बाहेरून अभ्यासक येणार आहेत. शोभा झाली असती माझी.

मिस्त्री: म्हणून तर आलो.

मॅडम: पण आता नियम आडवा येतोय. मागाहून जोडलेला भाग बिननोंदीचा असेल तर उतरवावा लागतो. कुणी केला, कशावरून केला, याचा काही पुरावा असला तरच ठेवता येतो.

मिस्त्री: माहितेय. खुंटी मीच काढून देतो. दुसऱ्याने ओढाताण केली तर मूळ मनगट चिरेल.

मॅडम: इतक्या सहज?

मिस्त्री: सहज कुठलं, मॅडम? जीव तुटतो. पण तुम्हाला तोंडघशी पाडून तो हात तिथे ठेवायचा, तर बघवणार नाही मला.

मॅडम: एखादं कच्चं चित्र? मातीचा नमुना? करंगळी अशी कशावरून केलीत?

मिस्त्री: ते राहू द्या, मॅडम. खुंटी काढू या.

काकू: अहो, त्या काय विचारतायत? बोला की.

मिस्त्री: नमुना होता. तू नळाखाली हंडा लावून उभी राहायचीस. काठावर हात ठेवून. मी खिडकीतून बघायचो आणि कोरायचो.

काकू: माझा हात? चष्मा द्या इकडे... अगबाई! भगीरथाने स्वर्गातून आणलेली गंगा, आणि करंगळी माझी?

मिस्त्री: रागावू नकोस.

काकू: लहानपणी दारात सापडलेलं बोट हे, मॅडम. वाकडंच बसलं. आई म्हणायची, चारचौघांत हात झाकून ठेव. तो मी जन्मभर झाकला. आणि यांनी तो काचेत मांडला! विचारायचं तरी!

मिस्त्री: तू नाही म्हणाली असतीस.

काकू: म्हणालेच असते.

मिस्त्री: मला आवडायची ती करंगळी. सांगायला कधी जमलं नाही.

काकू: चाळीस वर्षं संसार केला या माणसाशी. आणि हे मला आज, परक्या बाईसमोर कळतंय.

मॅडम: काकू, मूर्तीचा हात वाचवता येईल. पुरावा म्हणून तुमच्या हाताचा फोटो या हाताशेजारी छापायचा. खाली मिस्त्रींचं काम, आणि माझी चूकसुद्धा. पण मग सगळे बघतील. तुम्हाला नको असेल तर माझा अजिबात आग्रह नाही.

मिस्त्री: नको, मॅडम. तिला नाही चालायचं. पक्कड आहे का इथे?

काकू: तुम्ही गप्प बसा हो! तेव्हा न विचारता केलंत, आता नकारही न विचारताच देताय. मॅडम, त्या पानावर पुढे काय लिहिलंय?

मॅडम: 'हा डौल बघणाऱ्याचं पाऊल थांबवतो.'

काकू: पाऊल थांबवतो म्हणे... ते खोडणार का आता?

मॅडम: ते कशाला खोडू? ते खरंच आहे.

काकू: मग ही पिशवी धरा हो. हात कुठे ठेवू? असा?

मॅडम: असाच. जरा सैल सोडा. फोटो काढू?

काकू: काढा. घाई करू नका, बोट नीट येऊ द्या.